एका धावेने जिंकलेले सामने

२०१२ च्या हंगामाआधी बाल्टिमोर ओरिओल्स हे नाव घेतले की अमेरिकेतले बेसबॉलचे चाहते हळहळायचे. १९९८ ते २०११ अशी सलग चौदा वर्षे या संघाच्या खात्यात विजयांपेक्षा पराभव जास्त होते. २०११ मध्ये तर १६२ सामन्यांपैकी जेमतेम ६९ हाती लागले होते. त्याच संघाने २०१२ मध्ये ९३ सामने जिंकले आणि बाद फेरी गाठली. ते कसे जिंकले हे सामनागणिक पाहिले तर एक विलक्षण गोष्ट दिसते. त्या वर्षी ओरिओल्सच्या ३८ सामन्यांचा निकाल फक्त एका धावेने लागला आणि त्यातले २९ त्यांनी जिंकले. नऊ डावांनंतर बरोबरी झाली की बेसबॉलमध्ये निकाल लागेपर्यंत जादा डाव खेळतात. असे १८ सामने झाले, त्यातले १६ त्यांनी घेतले. आणि साऱ्या हंगामात मिळून त्यांनी धावा काढल्या ७१२, दिल्या ७०५. सहा महिने, १६२ सामने, आणि हिशेबाअखेर शिल्लक सात धावांची. आता एप्रिल २०१३ मध्ये उभे राहून एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे: हा संघ या वर्षी किती सामने जिंकेल? या प्रकरणात मला जे मांडायचे आहे ते सगळे या एका प्रश्नात आले आहे. हंगामाचे भाकीत करणाऱ्याची खरी कसोटी त्याला किती माहिती आहे यात नसते. गेल्या वर्षी डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टींपैकी कशावर किती विश्वास ठेवायचा हे त्याला कळते का, यात असते.

विजयांची संख्या हा सर्वांत ठसठशीत पुरावा, म्हणून आपण आधी तिच्याकडे वळतो. तिच्यावर पहिली मोठी शंका घेतली बिल जेम्स या माणसाने. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी डबाबंद घेवड्याच्या कारखान्यात तो रात्रपाळीचा पहारेकरी होता आणि पहाऱ्याच्या वेळात धावफलकांतले आकडे मांडत बसायचा. १९७७ मध्ये त्याने स्वतःच छापलेली पहिली पुस्तिका थोड्याच लोकांनी विकत घेतली, पण पुढच्या दहा वर्षांत बेसबॉलकडे पाहण्याची रीत तिने आणि तिच्या पुढच्या आवृत्त्यांनी बदलली. त्याचे एक सूत्र आजही प्रत्येक भाकिताच्या मुळाशी आहे. संघाने काढलेल्या धावांचा वर्ग घ्या, दिलेल्या धावांचा वर्ग घ्या, दोहोंची बेरीज करा आणि पहिल्या वर्गाला त्या बेरजेने भागा. आलेला अपूर्णांक म्हणजे त्या संघाने एकूण सामन्यांपैकी किती जिंकायला हवे होते त्याचा अंदाज. वर्गांच्या बेरजेमुळे त्याला पायथागोरसचे नाव चिकटले, काटकोन त्रिकोणाशी त्याचा काही संबंध नाही. पुढे अभ्यासकांनी वर्गाऐवजी १.८३ हा घातांक जास्त चपखल बसतो असे दाखवले, पण कागदावर करून पाहायला वर्ग पुरेसा आहे. ओरिओल्सचे ७१२ आणि ७०५ त्यात घाला. उत्तर येते १६२ पैकी ८२ विजय. प्रत्यक्षात होते ९३. म्हणजे अकरा विजय असे, की त्यांच्यामागे धावांचा आधार नव्हता.

धावांवर विजयांपेक्षा जास्त भरवसा का ठेवायचा, याचे कारण साधे आहे. विजय ही एका सामन्यात एकदाच होणारी नोंद आहे, हो किंवा नाही. अकरा-एकने जिंकलेला सामना आणि शेवटच्या डावात क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू निसटल्यामुळे चार-तीनने जिंकलेला सामना, दोन्ही खात्यात सारखेच. काठावर पास झालेला आणि पहिल्या वर्गात आलेला, दोघांच्या गुणपत्रिकेवर नुसते ‘उत्तीर्ण’ लिहावे तसे. शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही, पण विजय मोजताना आपण १६२ शिते पाहतो आणि धावा मोजताना चौदाशेच्या आसपास. जास्त शिते पाहणाऱ्याला भात कच्चा आहे की शिजला हे जास्त खात्रीने कळते. २०१३ मध्ये काय झाले पाहा. ओरिओल्सने ७४५ धावा काढल्या, ७०९ दिल्या. म्हणजे संघ आदल्या वर्षापेक्षा थोडा सुधारलाच होता. विजय मात्र ९३ वरून ८५ वर आले. सूत्रानेही बरोबर ८५ च सांगितले असते. एका धावेचे सामने या वेळी त्यांनी २० जिंकले आणि ३१ हरले.

याची उलटी बाजू सॅन डिएगो पॅड्रेसने दाखवली. २०२३ मध्ये महागडे खेळाडू घेऊन उतरलेल्या या संघाने ८२ सामने जिंकले, ८० हरले, आणि तो सगळ्यांच्या टीकेचा धनी झाला. पण त्यांनी ७५२ धावा काढल्या होत्या आणि ६४८ च दिल्या होत्या. सूत्राचे उत्तर ९३. अडले कुठे? एका धावेच्या सामन्यांत ९ विजय, २३ पराभव. जादा डावांच्या सामन्यांत २ विजय, १२ पराभव. त्या डिसेंबरात त्यांनी आपला सर्वांत नावाजलेला फलंदाज हुआन सोटो न्यूयॉर्क यांकीजना देऊन टाकला. वर्तमानपत्रे वाचून भाकीत करणाऱ्याने २०२४ साठी ऐंशीच्या खालचा आकडा मांडला असता तर त्याला नावे ठेवता आली नसती. पॅड्रेसने २०२४ मध्ये ९३ सामने जिंकले. आकडा तंतोतंत जुळला हा योगायोग आहे आणि त्यावरून सूत्राला दैवी सामर्थ्य देण्याचे कारण नाही. पण कल कुठल्या बाजूला असणार हे आदल्या वर्षीच्या धावांनी आधीच सांगून ठेवले होते.

इथे एक आक्षेप लगेच येतो आणि तो पोकळ नाही. अटीतटीच्या क्षणी डोके शांत ठेवणे हा गुण नाही का? ज्याने मैदानावर चार दिवस घालवले आहेत तो म्हणेल की काही संघांना हरायचे ठाऊक नसते, आणि ३८ पैकी २९ हा आकडा नुसत्या नशिबाने येत नाही. हिशेब करू. नाणे ३८ वेळा उडवले तर २९ किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता साधारण बाराशेत एक. ऐकायला ती नगण्य वाटते. पण मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत संघ तीस आहेत. पन्नास वर्षांत त्यांचे दीड हजार हंगाम होतात, त्यामुळे असा एखादा हंगाम येणे मुळीच नवल नाही, आणि तो आला की आपण त्याच संघाकडे बोट दाखवून त्याच्या धैर्याचे गोडवे गाणार. तरीही मोजणी हा एकच पुरावा नको; माणसाकडे पाहू. ओरिओल्सचे व्यवस्थापक बक शोवॉल्टर निसटत्या आघाडीच्या वेळी नववा डाव जिम जॉन्सन या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हाती द्यायचे. २०१२ मध्ये जॉन्सनने अशा ५१ आघाड्या राखल्या, गमावल्या फक्त ३. धैर्य मोजायचे कुठले यंत्र असेल तर ते हेच, असे कुणालाही वाटले असते. २०१३ मध्ये तोच माणूस, तेच काम, तेच व्यवस्थापक. या वेळी ५० राखल्या आणि ९ गमावल्या. धैर्य त्याच्यात होतेच. दहा-पंधरा चेंडूंत सामना फिरतो अशा कामात ते नसलेला माणूस टिकतच नाही. पण प्रतिस्पर्ध्यांकडेही ते असते, म्हणून त्याने पारडे फारसे झुकत नाही. चांगल्या राखीव पिचरांमुळे निसटत्या सामन्यांत थोडा फायदा होतो हे मान्य करावे लागते. हंगामाला अकरा विजय मिळवून देण्याइतका तो मोठा नसतो.

दुसरा आक्षेप सिअ‍ॅटल मरिनर्सचा. २०२१ मध्ये त्यांनी ६९७ धावा काढून ७४८ दिल्या, सूत्राप्रमाणे ७५ विजयांचा संघ, जिंकले ९०. सूत्रवाद्यांनी पुढच्या वर्षी घसरण सांगितली आणि २०२२ मध्ये मरिनर्सने पुन्हा ९० च जिंकले. मग सूत्र खोटे ठरले का? धावा पाहा: या वेळी काढल्या ६९०, दिल्या ६२३, सूत्राचे उत्तर ८९. विजयांचा आकडा तोच राहिला, संघ मात्र पार बदलला होता. हुलिओ रॉड्रिगेझसारखा एकवीस वर्षांचा नवा खेळाडू आला, लुइस कास्टियोसारखा पिचर हंगामाच्या मध्यात घेतला गेला, आणि आधी नशिबाने मिळत होते ते आता खेळाने मिळाले. या उदाहरणाने सूत्र मोडत नाही, पण त्याची मर्यादा उघडी पडते. गेल्या वर्षीच्या धावा गेल्या वर्षीच्या संघाबद्दल सांगतात. पुढच्या वर्षी मैदानात जो संघ उतरणार आहे तो तोच नसतो. म्हणून भाकीत करणाऱ्याला संघ बाजूला ठेवून एकेका खेळाडूकडे जावे लागते.

आणि खेळाडूच्या बाबतीतही तोच प्रश्न: डोळ्यांसमोरच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? याचे सर्वांत साधे उत्तर टॉम टँगो या संख्याशास्त्रज्ञाने दिले आणि आपल्या पद्धतीला एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या माकडाचे, मार्सेलचे, नाव दिले. इतकी साधी पद्धत, की माकडालाही जमावी. यापेक्षा वाईट भाकीत करणाऱ्याने दुकान उघडू नये, अशी ती किमान पातळी. समजा एका फलंदाजाने गेल्या वर्षी ६०० खेळ्यांत ४० होम रन, म्हणजे चेंडू कुंपणापलीकडे धाडणारे फटके, मारले, त्याआधी २५ आणि त्याआधी २२, तिन्ही वर्षी खेळ्या सारख्याच. मार्सेल ताज्या वर्षाला ५, मधल्याला ४ आणि जुन्याला ३ असे वजन देते. बेरीज होते ७,२०० वजनी खेळ्यांत ३६६ होम रन. इथवर कुणीही केले असते. पुढची पायरी महत्त्वाची: या खात्यात १,२०० खेळ्या अशा मिसळायच्या की त्या लीगमधल्या अगदी सरासरी फलंदाजाने खेळल्या आहेत. सरासरी फलंदाज शंभरात तीनेक होम रन मारतो असे धरले तर ३६ वाढले. एकूण ८,४०० खेळ्यांत ४०२. म्हणजे पुढच्या वर्षी ६०० खेळ्यांत २९ होम रन. वय एकोणतिशीपुढे असेल तर त्यातून चिमूटभर वजा, कमी असेल तर चिमूटभर अधिक. झाले भाकीत. ज्या माणसाने नुकतेच ४० मारले त्याला २९ सांगणे हा त्याचा अपमान वाटतो. पण त्या ४० मध्ये वाऱ्याने कुंपणापलीकडे नेलेले चार-दोन चेंडू असतात, थकलेल्या पिचरांशी गाठ पडलेल्या संध्याकाळी असतात, आणि त्या पुढच्या वर्षी त्याच संख्येने येतील असे मानायला काहीच आधार नसतो. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये दाखवले होते की फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीच्या थोडी जवळ सरकलेली. मार्सेल तेच तत्त्व फलंदाजाला लावते. त्यानंतर कितीतरी गुंतागुंतीच्या पद्धती निघाल्या आणि त्या मार्सेलच्या पुढे गेल्याही. पण थोड्याच, आणि ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी वाटते. बहुतेक शहाणपण त्या मिसळलेल्या बाराशे सरासरी खेळ्यांतच आहे.

पिचरांच्या बाबतीत हा अविश्वास आणखी खोल नेला व्होरोस मॅकक्रॅकनने. २००१ मध्ये त्याने मांडले की बॅटला लागून मैदानात आलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हाती जातो की मोकळ्या जागेत पडतो, यावर पिचरचा ताबा आपण समजतो त्यापेक्षा फारच कमी असतो. असे चेंडू साधारण दहातले तीन निसटतात, आणि ज्या पिचरचे एखाद्या वर्षी दहातले अडीचच निसटले तो बहुधा पुढच्या वर्षी तिनावर येतो. एखाद्या वर्षी चमकलेल्या आणि पुढच्या वर्षी कोसळलेल्या कितीतरी पिचरांचे कोडे या एका निरीक्षणाने सुटले. मॅकक्रॅकनचे पहिले विधान फार टोकाचे होते आणि पुढे त्याला मुरड घालावी लागली, गाभा मात्र टिकला.

खेळाडूंचे अंदाज हाती आले की बाकीचे काम कष्टाचे आहे: कोण किती खेळेल, कुणाचा खांदा दुखरा आहे, कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर कोणता पिचर केव्हा परत येईल. वर्ष-सव्वा वर्ष बाहेर बसवणारी ती शस्त्रक्रिया कोणाच्या वाट्याला येणार हे एप्रिलमध्ये कुणालाच ठाऊक नसते. मग साऱ्यांच्या धावा जोडून, वेळापत्रक घेऊन संगणकावर हजारो वेळा हंगाम खेळवायचा. नेट सिल्व्हरची २००३ पासूनची पेकोटा ही या पद्धतींतली सर्वांत गाजलेली. २००७ मध्ये ९४४ धावा देऊन ६६ सामने जिंकलेल्या टॅम्पा बेच्या संघाला पेकोटाने २००८ साठी नव्वदीच्या जवळपास नेऊन ठेवले, तेव्हा लोकांना ते अविश्वसनीय वाटले. त्या संघाने फक्त ६७१ धावा दिल्या, ९७ सामने जिंकले आणि जागतिक मालिकेची अंतिम लढत खेळली.

पण याच पेकोटाने २०१५ साठी कॅन्सस सिटी रॉयल्सला ७२ विजय दिले. आदल्या वर्षी अंतिम लढतीच्या सातव्या सामन्यापर्यंत गेलेला हा संघ. त्याने ९५ सामने जिंकले आणि विजेतेपदही. इथे नशिबाकडे बोट दाखवून सुटका करून घेणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण ७२४ धावा काढून ६४१ दिलेल्या संघाला सूत्रानेही ९१ विजय दिले असते. अंदाजच चुकला होता. रॉयल्सचे क्षेत्ररक्षण असामान्य होते, राखीव पिचर जबरदस्त होते, आणि सगळे फलंदाज चेंडू हुकून बाद होण्याचे टाळून चेंडूला बॅट लावण्यावर भर देत. या तिन्ही गोष्टी तेव्हाच्या गणितात नीट उतरत नव्हत्या. सरासरीकडे ओढणारी पद्धत खऱ्या वेगळेपणालाही सरासरीकडे ओढते, हा तिचा दोष आहे आणि तो पूर्ण जाणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की तीस संघांमध्ये खरे वेगळे निघणारे एक-दोन असतात आणि वेगळे भासणारे आठ-दहा. प्रत्येक भासावर विश्वास ठेवणारा रॉयल्सच्या बाबतीत बरोबर येईल आणि ओरिओल्ससारख्या बाकीच्या सगळ्यांच्या बाबतीत फसेल.

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार वेगळीच असते. या पद्धती भित्र्या आहेत, असे लोक म्हणतात. बहुतेक वर्षी कुणीतरी शंभरावर सामने जिंकतो, कुणीतरी शंभरावर हरतो, आणि भाकिते मात्र बहुतेक संघांना पासष्ट ते सत्त्याण्णव यांच्यामध्ये बसवतात. याचे उत्तर नाण्यांत आहे. तीस अगदी सारखे संघ घ्या, प्रत्येक सामना छापा-काटा. सगळ्यांचे अचूक भाकीत ८१. तरी १६२ सामन्यांत नशिबाचा फरक साधारण सहा-साडेसहा विजयांचा पडतो, आणि तिसांतला सर्वांत वरचा संघ ९४ च्या आसपास जातो, सर्वांत खालचा ६८ च्या. म्हणजे एकमेकांहून रतिभरही सरस नसलेल्या संघांमध्ये २६ विजयांची दरी. कुणीतरी ९४ च्या आसपास जिंकेल हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. तो कोण हे सांगता येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे ८१ च लिहावे लागते. आयपीएलमध्ये तर साखळीत १४ च सामने असतात. तिथे पूर्णपणे बरोबरीचा संघही दहापैकी चार वेळा एकतर नऊ किंवा जास्त जिंकतो, नाहीतर पाच किंवा कमी. बेसबॉलचा हंगाम लांबलचक आहे म्हणूनच भाकिताला काही अर्थ उरतो, आणि तरी प्रत्येक संघाची खरी ताकद देवाने कानात सांगितली तरी अंदाज सरासरी पाच सामन्यांनी चुकेलच. आपले हवामान खाते एप्रिलमध्ये पावसाचा पहिला अंदाज देते तेव्हा सरासरीच्या इतके टक्के म्हणते आणि सोबत पाच टक्के वर-खाली ही मर्यादाही सांगते. त्या मर्यादेमुळे अंदाज दुबळा होत नाही. धरणातले पाणी आणि बियाणे यांचा हिशेब करणाऱ्याला तीच उपयोगी पडते. बाद फेरीत तर ही मर्यादा इतकी रुंद होते की २००६ मध्ये ८३ सामने जिंकलेला सेंट लुईस कार्डिनल्स विजेता झाला.

२०२४ च्या वसंतात शिकागो व्हाइट सॉक्ससाठी अंदाज साठीच्या घरातले होते. संघ वाईट होता हे सगळ्यांना दिसत होते. आदल्या वर्षी तो १०१ सामने हरला होता. त्या हंगामात तो सलग २१ सामने हरला, अखेरीस ४१ जिंकून १२१ हरला, आणि १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा आधुनिक काळातला विक्रम त्याने मोडला. एप्रिलमध्ये ४१ हा आकडा कुणी छापला असता तर तो पुढे ज्योतिषी म्हणून मिरवला असता, पण त्याच रीतीने त्याने बाकीच्या दहा कमकुवत संघांनाही पाताळात ढकलले असते आणि ते तिथे गेले नसते. त्या ४१ कडे पाहत २०२५ चा अंदाज करणाऱ्याला पुन्हा ओरिओल्सचाच प्रश्न सोडवायचा होता, फक्त उलट्या टोकाकडून: या आकड्यातले संघाचे किती आणि वर्षाचे किती? २०२५ मध्ये व्हाइट सॉक्स पुन्हा १०२ सामने हरले. जिंकले ६०.